भाकरी आणि खेळ

चिठ्ठ्या टाकून निवड केली म्हणजे ती निःपक्षपाती झाली, अशी आपली साधारण समजूत असते. चिठ्ठीला आपपर नाहीं, वशिला नाहीं. ती श्रीमंत-गरीब ओळखीत नाहीं. या समजुतीला जबर धक्का देणाऱ्या एका कादंबरीविषयीं आज मी आपल्याशीं बोलणार आहें. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ‘द हंगर गेम्स’ ही ती कादंबरी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. ती कुमार वाचकांसाठीं लिहिलेली आहे, आणि तिच्यांत मुलेंच मुलांना ठार मारतात. असलें पुस्तक मुलांच्या हातीं द्यावें काय, हा प्रश्न सुज्ञ आईबापांच्या मनांत आला तर तो गैर नव्हे. परंतु उत्तर देण्यापूर्वीं पुस्तकांत काय आहे तें पाहिलें पाहिजे.

उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर पुढें केव्हां तरी उभ्या राहिलेल्या पॅनेम नांवाच्या देशाची ही कथा. एक ऐश्वर्यसंपन्न राजधानी, आणि तिला धान्य, कोळसा, कापड पुरविणारे बारा प्रांत. या प्रांतांनीं एकदां बंड केलें होतें. तें मोडल्यावर राजधानीनें शिक्षा ठरविली : दरसाल प्रत्येक प्रांतानें बारा ते अठरा वर्षांच्या आंतला एक मुलगा व एक मुलगी पाठवावी, आणि त्या चोवीस जणांनीं एकच जिवंत उरेपर्यंत एकमेकांस मारावें. हा संहार साऱ्या देशाला दूरचित्रवाणीवर पाहावा लागतो. येथें आपल्याला एकचक्रा नगरीचा बकासुर आठवेल. लेखिकेनें स्वतः या कथेचें मूळ थीसियसच्या ग्रीक कथेंत असल्याचें सांगितलें आहे. अथेन्सला सात मुलगे व सात मुली क्रीट बेटावरील राक्षसाच्या भक्ष्यस्थानीं पाठवाव्या लागत. पण बकासुराला निदान भूक तरी होती. या राजधानीचें पोट भरलेलें आहे; तिला हवा आहे तो तमाशा.

आतां चिठ्ठीची गोष्ट. बाराव्या वर्षीं मुलाच्या नांवाची एक चिठ्ठी पेटींत पडते, तेराव्या वर्षीं दोन, याप्रमाणें ती संख्या वाढत जाते. गरिबाच्या मुलाला मात्र एक ‘सवलत’ आहे. त्यानें आणखी एक चिठ्ठी टाकावी आणि एका माणसापुरतें वर्षाचें धान्य व तेल न्यावें. कथेची नायिका कॅटनिस ही कोळशाच्या खाणी असलेल्या बाराव्या प्रांतांतली. बाप खाणींतल्या स्फोटांत गेलेला; घरीं आई आणि धाकटी बहीण. तिघींच्या धान्यासाठीं तिनें दरसाल तीन जादा चिठ्ठ्या टाकल्या. सोळाव्या वर्षीं वयाच्या पांच आणि भुकेच्या पंधरा, मिळून वीस झाल्या. ज्याच्या घरीं धान्य आहे अशा त्याच वयाच्या मुलाच्या फक्त पांच. चिठ्ठी आंधळी खरी. पण पेटी भरणारे डोळस होते.

प्रजेला धान्य आणि खेळतमाशे पुरविले कीं ती राज्यकारभाराची फिकीर सोडते, असा टोला जुव्हेनाल या रोमन कवीनें आपल्या लोकांस मारला होता. त्याच्या वचनांतला भाकरीवाचक लॅटिन शब्द ‘पॅनेम’ हाच या देशाचें नांव झाला आहे. प्रेक्षक निमूटपणें पाहत राहतील तोंवरच असें राज्य टिकतें, हें या कथेचें मर्म मला वाटतें.

म्हणून येथें बंडाचा आरंभ शस्त्रानें होत नाहीं. कॅटनिसच्या बारा वर्षांच्या बहिणीची एकुलती एक चिठ्ठी निघते आणि कॅटनिस तिच्या जागीं स्वतः जावयास तयार होते. लोकांना टाळ्या वाजविण्यास सांगतात. एकही हात वाजत नाहीं. सारेजण डाव्या हाताचीं तीन बोटें ओठांना लावून तिच्याकडे उंचावतात. पुढें रानांत अकराव्या प्रांताची रू ही चिमुरडी मारली जाते, तेव्हां कॅटनिस तिचा देह फुलांनीं झांकते. मग तो उपाशी प्रांत परक्या प्रांतांतल्या या मुलीला एक पाव भेट पाठवितो. असें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. टाळी न वाजविणें आणि परक्याला आपल्या तोंडचा घांस देणें, एवढ्यावर तें राज्य हादरूं लागतें.

हें केवळ कल्पनेंतलें नाहीं. २०१४ सालीं थायलंडमध्यें लष्करानें सत्ता बळकावली, तेव्हां निदर्शकांनीं हींच तीन बोटें उंचावलीं आणि त्यासाठीं कित्येकांना पकडण्यांत आलें. २०२१ सालीं म्यानमारच्या रस्त्यांवरही तीं बोटें दिसलीं.

तरीही लेखिका बंडाची भाबडी भक्त नाहीं. २०१० सालच्या ‘मॉकिंगजे’ या तिसऱ्या भागांत बंडखोर जिंकतात, आणि त्यांची पुढारीण सुचविते कीं, आतां राजधानीच्या मुलांचा असाच एक शेवटचा खेळ करावा. पदच्युत जुलमी अध्यक्षाच्या वधासाठीं ओढलेला कॅटनिसचा बाण वळतो आणि या पुढारणीला लागतो. सिंहासनावरचा माणूस बदलला, पण खेळ तोच राहिला, तर बंड फसलें, असा त्याचा अर्थ.

तेव्हां पुस्तक मुलांना द्यावें काय? माझ्या मतें द्यावें. पण आपणही तें वाचावें. वाचतां वाचतां एक गोष्ट ध्यानांत येईल. आतां कोण मरतो या उत्सुकतेनें आपण पानें उलटीत असतों, तेव्हां आपणही राजधानीच्या प्रेक्षकांतच बसलेले असतों. तें ओळखणें हाच या वाचनाचा लाभ. पुस्तक मिटल्यावर मुलाला एवढेंच विचारावें, “टाळ्या वाजवा असें सांगितलें तेव्हां तूं त्या गर्दींत असतास, तर काय केलें असतेंस?” आणि त्यानें तोच प्रश्न उलट आपल्याला विचारला, तर रागावूं नये.