प्रलयनौकांचे आकार

मत्स्यकथेतील मनूची नौका केवढी व कोणत्या आकाराची, हे शतपथ ब्राह्मण सांगत नाही. महाभारताच्या वनपर्वातही ती दृढ असावी व तिला दोर असावा, एवढेच येते. यावरून कोणी म्हणतो, परक्यांच्या प्रलयकथांत मोजमापे आहेत म्हणून त्या इतिहास, आणि आपली मात्र कल्पना! तेव्हा ती मोजमापेच पाण्यात उतरवून पाहावीत.

बाबिलोनच्या गिलगामेश काव्यातील नौका १२० हात लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच आहे. असा घन अर्धा बुडाला की सरळ राहत नाही. तळाशी पुष्कळ भार असेल तरच तो तोल सांभाळतो. ब्रिटिश म्युझियमचे आयर्विंग फिंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या मृत्फलकाने या कोड्यावर प्रकाश पडला. त्यातील नौका चक्क गोल आहे: दोराची वेटोळी, आत फासळ्या, वर डांबराचा लेप, व्यास सुमारे ७० मीटर, भिंत ६ मीटर. दोन्ही नौकांच्या तळाचे क्षेत्रफळ मात्र जवळजवळ एकच! तुंगभद्राकाठच्या मंडळींना हरिगोलाचे वर्णन करून सांगावयास नको. तिला नाळ नाही, सुकाणू नाही. ती गरगरते, पण सहसा उलटत नाही. जिला केवळ तरंगावयाचे आहे, तिला आणखी काय हवे? केरळात याच पद्धतीची लहान नौका बांधली, तेव्हा ती तरंगली. पाणी मात्र आत झिरपत राहिले.

बायबलातील नौका ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. हे प्रमाण उत्तमच. अडचण आहे ती लाकडाची. अमेरिकेत १९०९ साली बांधलेले ‘वायोमिंग’ हे लाकडी जहाज सुमारे १०० मीटर लांबीचे होते. लोखंडी पट्ट्यांनी आवळूनही लाटांवर त्याचा सांगाडा पिळवटे, सांध्यांतून पाणी येई. १९२४ मध्ये ते सर्व खलाशांसह बुडाले. बायबलातील नौका तर त्याहूनही लांब!

आकडे आहेत म्हणून नौका तरते, असे नव्हे. मनूची नौका माशाच्या शिंगाला बांधून ओढली जाते. तेव्हा ती गोल नसून नाळेची असावी, असा तर्क करता येतो. पण शतपथाचा खरा जाणतेपणा पुढेच आहे. मत्स्य सांगतो, नौका वृक्षाला बांध. परंतु पाणी ओसरेल तसतसा तूही खाली उतर, पर्वतावर अडकून राहू नकोस. आखूड दोराने बांधलेली होडी ओहोटीला कशी लोंबकळते, हे गोमंतकातील कोणताही नावाडी सांगेल. मनू त्याप्रमाणे हळूहळू उतरला. उत्तरगिरीच्या त्या उतारास ‘मनोरवसर्पण’ असे नाव आहे.