व्यापारी दाव्याआधीची मध्यस्थी

सोनकच्छ परिसरात सोयाबीनचा हंगाम आला की माल हातोहात विकला जातो. पैसा मात्र पुष्कळदा मागाहून येतो. समजा, येथील एका व्यापाऱ्याने इंदूरच्या तेलगिरणीस आठ लाख रुपयांचे सोयाबीन उधारीवर दिले आणि गिरणीने रक्कम थकविली. त्या थकबाकीत केवळ व्यापाऱ्याचाच नव्हे, तर तो ज्यांचे देणे लागतो त्या शेतकऱ्यांचाही पैसा अडकतो. तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावला म्हणजे झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती आता पुरेशी राहिलेली नाही.

मालविक्रीच्या करारातून उद्भवलेला तीन लाख रुपये वा त्याहून अधिक मूल्याचा वाद 2015 च्या वाणिज्यिक न्यायालय अधिनियमाखाली येतो. 2018 च्या दुरुस्तीने त्यात कलम 12-अ घातले गेले. तातडीचा अंतरिम आदेश मागावयाचा नसेल, तर वादीने प्रथम मध्यस्थीचा मार्ग अनुसरला पाहिजे, असे ते सांगते. ही अट सक्तीची की ऐच्छिक, याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद होते. ‘पाटील ऑटोमेशन विरुद्ध रखेजा इंजिनियर्स’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑगस्ट 2022 रोजी ती सक्तीची ठरविली. 20 ऑगस्ट 2022 पासून मध्यस्थीवाचून लावलेल्या दाव्याचे वादपत्र न्यायालय स्वतःहूनही फेटाळू शकते. नवा दावा लावता येतो खरा. पण तोवर मुदत उलटून गेली असेल, तर खरे येणेही बुडते.

तातडीचे निमित्त पुढे करून ही पायरी चुकविण्याचे प्रयत्न झाले. वकिलांची कल्पकता अशा ठिकाणी सहसा कमी पडत नाही. 13 ऑक्टोबर 2023 च्या ‘यामिनी मनोहर’ निर्णयात मात्र, ती मागणी खरी आहे की केवळ मुखवटा, हे न्यायालयाने तपासावे असे ठरले.

मध्यस्थीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. तीन महिन्यांत ती पुरी व्हावी. उभयपक्षांची संमती असल्यास आणखी दोन महिने मिळतात. हा काळ दाव्याच्या मुदतीत धरला जात नाही, ही मोठीच सवलत आहे. तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याचे बळ येते. समोरचा पक्ष आलाच नाही, तर तसा अहवाल मिळतो व दाव्याची वाट मोकळी होते. पंचांपुढे बसून हिशेब मिटविणे गावास नवे नाही. येथे त्याची लेखी नोंद राहते, इतकेच.

प्रतिवादीलाही सूट नाही. साध्या दिवाणी दाव्यात कैफियतीस विलंब झाला तर न्यायालय योग्य कारणासाठी तो क्षमापित करू शकते. वाणिज्यिक दाव्यात समन्स बजावल्यापासून 120 दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच संपतो, असा ‘एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स’ प्रकरणातील 2019 चा निर्णय आहे. त्या गिरणीमालकाने समन्स घेऊन कपाटात ठेवले, तर पुढे त्याची बाजू कितीही खरी असो, ती लेखी मांडण्याची वेळ गेलेली असेल.