शाळेची भिंत आणि आपला हात
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

 

दरवर्षी या दिवशी आम्ही विहाराचा जमाखर्च मांडतो. तो यंदाही फळ्यावर लावला आहे, सर्वांनी वाचावा. आज बोलायचं आहे ते एका शाळेबद्दल. ही शाळा सोलापूर जिल्ह्यातली नाही, महाराष्ट्रातलीही नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात कंबरलँड नावाचा ग्रामीण जिल्हा आहे, तिथली ही पाइन ग्रोव्ह शाळा. 1917 साली काळ्या लोकांच्या मुलांसाठी बांधलेली. कुणी म्हणेल, तिच्याशी आपलं काय घेणं? घेणं आहे. चला, मनानेच तिथे एक फेरी मारून येऊ.

लहानशी लाकडी इमारत. मोठमोठ्या खिडक्या. त्या काळी अशा शाळांचे नकाशे टस्कीगी येथील बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या संस्थेत तयार होत. खेड्यात वीज नव्हती. म्हणून खिडक्या पूर्व-पश्चिमेला ठेवायच्या, म्हणजे दिवसभर पोरांच्या पाटीवर उजेड पडावा. ज्युलियस रोझेनवाल्ड नावाच्या व्यापाऱ्याने या कामाला पैसा दिला. पण सगळा पैसा त्याने दिला नाही. गावानेही आपला वाटा उचलला पाहिजे, अशी अट होती. शेतमजुरी करणाऱ्या माणसांनी कुठे जमीन दिली, कुठे लाकूड दिलं, कुठे अंगमेहनत केली. सरकारला कर भरत होतेच, वर शाळेसाठी पुन्हा पदरमोड. 1912 ते 1932 या वीस वर्षांत अशा सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. पहिल्या शाळा उभ्या राहत होत्या, त्याच काळात, 1913 साली, आपले बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते.

पुढे 1954 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. हळूहळू सर्व मुलं एकत्र शिकू लागली. पाइन ग्रोव्ह 1964 साली बंद झाली. इमारत पडून राहिली. कर थकला, लिलावाची वेळ आली, तेव्हा तिथे शिकलेल्यांची कुटुंबं जागी झाली आणि त्यांनी शाळा राखली. तेवढ्यात शेजारीच कचऱ्याचं प्रचंड मोठं मैदान करण्याची योजना आली. लोक डगमगले नाहीत. 2021 साली देशातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या अकरा ऐतिहासिक स्थळांच्या यादीत या शाळेचं नाव आलं. ती दुरुस्त करून सांस्कृतिक केंद्र करायचं, म्हाताऱ्यांच्या आठवणी नोंदवून ठेवायच्या, हे काम गावकऱ्यांनीच अंगावर घेतलं आहे.

आता एक प्रश्न मनात येतो, तो आमच्याही आला. जी शाळा वेगळं बसवण्यासाठी बांधली, ती कशाला जपायची? अपमानाची खूण पुसून टाकावी ना?

याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं, रजिस्टर क्रमांक 1914. त्या मुलाला वर्गात बसायला स्वतःचं गोणपाट न्यावं लागे आणि संध्याकाळी ते घरी आणावं लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच. पण त्याच रजिस्टरमधली ती ओळ शाळेने सांभाळून ठेवली, म्हणून 2017 साली महाराष्ट्र शासनाने 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला. अपमान आणि अक्षर एकाच छताखाली होतं. छप्पर पाडलं तर अपमान जात नाही, अक्षराचा पुरावा मात्र जातो.

पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 साली मुलींची शाळा काढली. त्या जागेच्या स्मारकाचा वाद वर्षानुवर्षे कोर्टात चालला. अखेर डिसेंबर 2023 मध्ये वाडा पाडून जागा मोकळी केली गेली. स्मारक व्हावंच. पण मूळ भिंत डोळ्यांनी पाहण्याची संधी गेली ती गेलीच.

आपल्या सोलापुरानेही वाटा उचलला आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने 4 जानेवारी 1925 रोजी इथेच विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. जिवाप्पा ऐदाळे त्याची व्यवस्था पाहत. या गावच्या मागच्या पिढ्यांनी काय केलं, ते मुलांना सांगितलं पाहिजे.

आणि आता घरातली गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा गिरणीच्या कामाला खेड्यातून सोलापुरात आले. ते जिथे चार बुकं शिकले ती शाळा गावात आहे. तिच्या जनरल रजिस्टरात त्यांचं नाव आहे, जात लिहिलेली आहे, तारीख आहे. पोराला जातपडताळणीला उभं केलं की 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. त्या वेळी धावपळ सुरू होते. पत्रा गळतोय, कपाटाला वाळवी लागलीय, अशा खोलीत ते रजिस्टर असेल तर आजोबांचं नाव चिखल होऊन जाईल. मग नातवाचा प्रवेश अडतो. भिंत पडते गावात, नुकसान होतं इथे, आपल्या गल्लीत.

शाळाच उरेल का, हाही प्रश्न आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव शासनाने 2023 साली पुढे आणला होता. शाळा उठली की तिची कागदपत्रं कुठे जातात, याची चौकशी आपणच केली पाहिजे.

म्हणून समिती तीन गोष्टी सुचवते. पहिली, प्रत्येक घराने येत्या पावसाळ्यापूर्वी एकदा गावच्या शाळेत जाऊन यावं, मुख्याध्यापकांना भेटून जुन्या नोंदीचा प्रमाणित उतारा घ्यावा. दुसरी, तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीशी बोलावं. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, म्हणजे ती आपल्यासारख्यांचीच असते. पत्रा बदलायचा की कपाट द्यायचं, ते त्यांना विचारून ठरवावं. तिसरी, आपल्यात गवंडी आहेत, सुतार आहेत, रंगारी आहेत. वर्षातला एक रविवार या तरुणांनी श्रमदानाला द्यावा. प्रवासखर्च विहाराच्या दानपेटीतून करण्यास समितीची तयारी आहे. नावं नोंदवायची वही दाराशी ठेवली आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला पहिला शब्द दिला तो ‘शिका’. शिकण्याची जागा राखणं हेही त्याच शब्दात येतं, असं आम्ही मानतो. जाताना वहीत नाव लिहून जावं, ही नम्र विनंती.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!