ताऱ्यांचे तापमान वाचणारे मेघनाद साहा



समितीने आम्हाला विषय दिला तो 'भारतीय शास्त्रज्ञांची जगाला देणगी' हा. रामन, जगदीशचंद्र बोस, रामानुजन ही नावे मुलांनी शाळेत पाठ केलेलीच आहेत. तीच यादी वाचून आम्ही तुमचा वेळ घेत नाही. एकाच माणसाबद्दल बोलतो, डॉ. मेघनाद साहा यांच्याबद्दल.

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. तो भाग आज बांगलादेशात आहे. वडिलांचे छोटेसे दुकान, आठ भावंडांत हे पाचवे. पोराने दुकानावर बसावे असे वडिलांचे म्हणणे. पुढची शाळा दूरच्या गावी. थोरल्या भावाने खटपट करून तिथल्या डॉ. अनंतकुमार दास यांच्या घरी सोय लावली. राहणे-जेवणे फुकट, बदल्यात गाईची निगा राखायची. आणि जेवल्यावर आपले ताट आपण धुवायचे, कारण जात! इथल्या वडीलधाऱ्यांना यातले काही समजावून सांगायला नको. दासबाबूंना दोष द्यावा की त्यांचे उपकार मानावेत? आम्हाला दोन्ही करावेसे वाटते. ते घर मिळाले नसते तर हा मुलगा तागडी धरूनच बसला असता.

१९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. तिथे वसतिगृहात वरच्या जातीची मुले त्यांना पंगतीला बसू देईनात. सरस्वतीपूजेलाही मज्जाव. पूजा विद्येची, आणि वर्गातला हुशार मुलगा बाहेर!

आता त्यांचे काम. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पाहिला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या. पण निरनिराळ्या ताऱ्यांत रेघा निरनिराळ्या दिसत. मग तारे वेगवेगळ्या द्रव्यांचे बनले आहेत की काय, हे कोडे होते. साहांनी १९२० मध्ये ते सोडवले. पाणी तापले की वाफ होते, आणि उंच डोंगरावर हवेचा दाब कमी म्हणून ते लवकर उकळते, हे आयाबहिणींना ठाऊक आहे. तसेच काहीसे अणूचे होते. उष्णता वाढली, दाब कमी झाला, की अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो आणि रेघा बदलतात. किती अणूंचे असे होईल, याचे समीकरण साहांनी मांडले. म्हणजे रेघांतला फरक मुख्यतः तापमानाचा निघाला. १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने याच समीकरणाच्या आधारे दाखवले की तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे आहेत. ताऱ्यांचा अभ्यास करणारा कोणीही आज साहांच्या समीकरणावाचून पुढे जात नाही. १९२७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

एवढे होऊनही हा माणूस आकाशातच रमला नाही. लहानपण पुराच्या मुलखात गेलेले. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला, तेव्हा त्यांनी चौकशी समितीत काम केले आणि खोऱ्याची एकत्र योजना करा असा आग्रह धरला. त्या काळात केंद्रात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते आणि दामोदर योजनेच्या परिषदा त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाल्या. महामंडळ १९४८ मध्ये उभे राहिले. बाबासाहेबांचे हे काम आपल्या सभांतून फारसे सांगितले जात नाही, ते सांगायला हवे.

१९५२ मध्ये साहा लोकसभेवर निवडून आले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जाताना ते वाटेतच कोसळले.

आता थोडे आपल्याकडचे. आसपासच्या खेड्यांतली मुले अकरावी सायन्सला इथे येतात आणि खोली मिळत नाही म्हणून दिवाळीपर्यंत परत जातात. यंदा दोन मुली गेल्या. विहाराच्या मागची खोली रिकामी आहे. तिचे काय करायचे ते समितीने ठरवावे. पण ज्यांच्या घरी जागा आहे त्यांनी नावे द्यावीत. आमच्याकडे एका मुलाची सोय होईल, आमचे नाव आजच लिहून घ्या. ताट तो आमच्यातच वाढून घेईल.