पाखरू हाती आलं तर

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मे महिन्यात आपल्या हिंगण्याचं ऊन पंचेचाळिशीला टेकलं की एखादी घार कडुलिंबाखाली मान टाकून पडलेली सापडते. संक्रांतीला तिच्या पंखात मांजा असतो. आपण धावतो, पोरं पाणी आणतात, कुणीतरी चोच उघडून त्यात थेंब सोडतं. मला आज या थेंबाविषयीच बोलायचं आहे. जखमेतून तगलेलं पाखरू या मायेच्या पाण्यानं जाऊ शकतं.

पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते. तिथली बारीक फट श्वासागणिक उघडझाप करते. निपचित पाखराला गिळायचं भान नसतं, मग वरून सोडलेलं पाणी त्या फटीतून थेट फुप्फुसात उतरतं. दूध तर नकोच, ते त्याला पचत नाही. आणि छाती मुठीत आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच त्याला श्वास मिळतो. घट्ट धरलेलं पाखरू हातातल्या हातात गुदमरतं.

पुठ्ठ्याचं खोकं घ्या, भोकं पाडा, तळाशी सुती फडकं अंथरा. पाखरावर कापड टाकून अलगद उचला. घारीच्या चोचीपेक्षा नख्यांना जपा. खोकं बंद करून सावलीत ठेवा, पण कूलरच्या झोतासमोर नको. अंधारात पक्षी निवतो. मांजा ओढून काढू नका. दोन्हीकडून कापा, रुतलेला तसाच राहू द्या. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉन मांज्यावर बंदी घातली, तरी तो आपल्या गच्च्यांवर येतोच. आणणारी मुलं आपलीच आहेत, हे मला इथं बोललंच पाहिजे. मांजरानं धरलेलं पाखरू वरून धड दिसलं तरी त्याला डॉक्टर लागतोच. मांजराच्या दातांतले जंतू फार लवकर भिनतात.

मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. जखमी वन्यजीवांवर उपचार करून त्यांना परत रानात सोडणं हेच त्याचं काम. बरं होईपर्यंत घरीच ठेवू, असं मनात आणू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा त्याला परवानगी देत नाही.

आता पिंगळ्याचं सांगतो. उन्हाळ्यात त्याची पिल्लं ढोलीतून उतरतात, नीट उडता येत नाही म्हणून कुंपणाशी बसून राहतात. जखम नसेल तर अशा पिल्लाला जवळच्या फांदीवर ठेवा, कुत्रं बांधा आणि लांब व्हा. दिवेलागणीला आईबाप चारा घेऊन येतात. माणसाचा हात लागला म्हणून ते पिल्लाला टाकत नाहीत. आणि पिंगळा अपशकुनी, म्हणून दगड उचलणाऱ्याचा हात कृपा करून धरा. तो रात्रभर आपल्या परसातले किडे आणि उंदीर टिपत असतो.

एक राहिलं. पाखरू सोपवताना ते कुठल्या वस्तीत, कुठल्या झाडाखाली सापडलं, ते चिठ्ठीवर लिहून खोक्याला चिकटवा. बरं झाल्यावर त्याला त्याच जागी सोडता येतं, जिथं त्याला पाणवठा ठाऊक असतो आणि जोडीदारही तिथंच असू शकतो.