परळच्या आधी मोहने



कल्याणजवळचं, उल्हास नदीकाठचं आपलं मोहने गाव एनआरसी या रेयॉनच्या कारखान्याच्या आधारानं वाढलं. २००९ मध्ये कारखाना बंद पडला आणि अनेक घरांत आजारपण म्हणजे आधी पैशाची चिंता, असं झालं. लहान मुलांच्या मेंदूतल्या दुर्मिळ गाठींवरची परिषद इथे कशाला, असं काहींनी विचारलं. कारण अशी गाठ असलेलं मूल परळच्या मोठ्या कर्करोग रुग्णालयात पोहोचण्याआधी आपल्या दवाखान्यात येतं.

अशा गाठीची लक्षणं म्हणजे सकाळी उठल्याउठल्या उलटी, चालताना तोल जाणं, मान एका बाजूला कलणं, नव्यानं आलेला तिरळेपणा. तान्ह्या बाळाचं डोकं वयाच्या मानानं भराभर वाढणं. घरात म्हणतात पोट बिघडलं, दात येतायत, नजर लागली. दवाखान्यात उलटीचं औषध मिळतं आणि दिवस जातात. ब्रिटनमध्ये २०११ पासून 'हेडस्मार्ट' मोहिमेनं हीच लक्षणं पालकांना आणि डॉक्टरांना समजावली. निदानाला साधारण १४ आठवडे लागत, ते ७ च्या आत आले. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही!

वेळेइतकंच अचूक निदानही महत्त्वाचं. एटीआरटी ही मेंदूतली दुर्मिळ गाठ बहुतेक तीन वर्षांखालच्या मुलांत आढळते. सूक्ष्मदर्शकाखाली ती मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूतल्या दुसऱ्या गाठीसारखी दिसू शकते, उपचार मात्र वेगळे. पेशींतलं आयएनआय-१ प्रथिन नाहीसं झालंय का, हे तपासलं की बहुधा उलगडा होतो. एवढ्या कोवळ्या मेंदूला किरणोपचार सोसत नाहीत, म्हणून केमोथेरपी देऊन ते शक्यतो पुढे ढकलतात. नाव चुकलं तर सगळीच दिशा चुकते.

मेड्युलोब्लास्टोमाचेही उपप्रकार आहेत. ते ओळखणारी, मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेल्या गाठीच्या ऊतींवर चालणारी चाचणी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. नीलम शिरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या शेजारी झालेल्या या कामाचा मला फार अभिमान वाटतो. तिथेच २०२३ मध्ये प्रोटॉन उपचारही सुरू झाले.

डॉक्टरहो, टेबलावर मोजपट्टी ठेवा, प्रत्येक तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेर लिहून ठेवा आणि शंका आली तर एमआरआयची चिठ्ठी त्याच दिवशी द्या. पालकांनो, ऑपरेशन कुठेही होवो, रिपोर्टबरोबर गाठीच्या ऊतींचा तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्या.