चादर धुण्याआधी चादर ओळखा

(संघाच्या मासिक बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कर्जावर किंवा हप्त्यांवर बोलणार नाही. आज धुण्यावर बोलणार आहे. हसू नका. "धुणं काय आम्हाला शिकवतेस?" असं काही जणींच्या मनात आलं असेल. खरं आहे, धुण्याच्या दगडावर आपले सगळ्यांचेच हात झिजलेत. पण इतकी वर्षं धुणं धुऊनही माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगते.

माझ्या आईने मला तिची घोंगडी दिली होती. काळी, जाड, पावसाची झड अंगावर येऊ न देणारी. एका वर्षी घट बसायच्या आधी मी गोधड्या धुवायला काढल्या. म्हटलं, घोंगडीपण स्वच्छ होऊ दे. कढत पाणी, पावडर, वरून ब्रश. वाळल्यावर पाहिलं तर घोंगडी आटून निम्मी झालेली आणि पुठ्ठ्यासारखी कडक. आई काही बोलली नाही, नुसता हात फिरवला. त्या दिवशी मला कळलं, की मी मेहनत कमी केली नव्हती. कापड ओळखलं नव्हतं.

आता हे बैठकीत का सांगतेय? जुन्नर 2018 साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. शिवनेरीला, लेण्याद्री-ओझरला, नाणेघाट-माळशेजला माणसं येतात. तिकडे आंबेगावच्या बाजूने भीमाशंकरला जातात. आपल्यातल्या काही जणी घरी पाहुणे ठेवतात, काही विचार करताहेत. पाहुणा पिठलं-भाकरीचं कौतुक करतो, पण रात्री अंग टाकतो ते चादरीवर. चादरीला कुबट वास आला तर तो तोंडावर काही बोलत नाही, फक्त पुन्हा येत नाही.

आधी ओळख

दुकानदार सगळंच "कॉटन" म्हणून विकतो. त्यामुळे आपणच तपासायचं. चादरीच्या कडेचे दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि मेणबत्तीवर न्या. लेकरं आणि पदर लांब ठेवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा, मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो. धागा जळूनही गुठळी उरली, तर ते मिसळीचं कापड समजा.

सुती बेडशीट आणि सोलापुरी चादर

सुती कापड सोशिक असतं. त्याला कोमट पाणी चालतं, पांढऱ्याला कढतही चालतं. पण नवं सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतं आणि रंगीत असेल तर रंगही सोडतं. म्हणून पहिली दोन-तीन धुणी वेगळी आणि गार पाण्यात. मिठात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपण ऐकत आलो, पण कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. वेगळं धुणं हाच उपाय. पांढरं कापड खुशाल उन्हात घाला, रंगीत मात्र उलटं करून वाळवा.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, इतकं तिचं नाव. ती जाड सुताची असते, भिजली की दोघींना उचलत नाही. ती पिळत बसू नका, कंबर जाते आणि वीणही ताणते. दगडावर किंवा बाजेवर टाकून पाणी निथळू द्या, मग वाळत घाला. मशीन असेल तर त्यावर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात, हे ध्यानात ठेवा. एका वेळी एक किंवा दोनच चादरी टाका. मशीन गच्च भरली की आतला साबण निघत नाही.

पाहुण्यांसाठी एक सोपी युक्ती. जाड चादरीच्या आतून एक पातळ सुती चादर द्या. अंगाला लागते ती पातळ, धुवायची तीच. जाड चादर दर पाहुण्यामागे धुवावी लागत नाही.

पॉलिस्टरची बेडशीट

ही स्वस्त मिळते आणि पावसाळ्यात लवकर वाळते, हा तिचा गुण. पण तिला घाम शोषता येत नाही आणि डोक्याचं तेल धरून ठेवते, म्हणून अभ्र्यांना वास राहतो. तेलकट जागेवर भांड्यांचा साबण लावून दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. कढत पाणी नको, सुरकुत्या बसतात. इस्त्री कमी तापलेली. जास्त तापली तर कापड चिकटलंच म्हणून समजा.

घोंगडी आणि गोधडी

घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्याने तिला ताठपणा येतो. वारंवार धुतली की खळ जाते. म्हणून तिला झटका, वारा दाखवा, डाग तेवढाच पुसा. धुवायचीच वेळ आली तर गार पाणी आणि रिठ्याचा फेस. चोळायची नाही, पिळायची नाही, नुसती दाबून पाणी काढायचं आणि सावलीत पसरून वाळवायची. लोकर गरम पाण्यात आणि चोळण्याने आटते, माझ्या घोंगडीचं तेच झालं. ठेवताना पूर्ण कोरडी करून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा.

गोधडीत पूर्वी सगळी सुती लुगडी असायची. आता आत काय काय असतं ते शिवणारीलाच माहीत. म्हणून गोधडी गार पाण्यातच धुवा आणि दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवा. वरून वाळली आणि आतून ओली राहिली, तर बुरशी आतूनच धरते.

घट बसायच्या आधी आपण कुकडी, मीना, घोड यांच्या काठावर गोधड्या घेऊन जातो. तो दिवस मलाही आवडतो, सासर-माहेरच्या गप्पा तिथेच होतात. पण खालच्या गावाला तेच पाणी प्यायला आहे. पाणी बादलीने वर काढून, काठापासून लांब धुवा. गप्पा तिथेही होतात.

डाग

रक्ताचा डाग पडला तर गार पाणी, लगेच. गरम पाणी घातलं की डाग कापडात बसतो. आणि पोरीच्या चादरीला पाळीचा डाग लागला, तर तिच्यावर ओरडू नका. ती लपवते, डाग वाळतो आणि मग निघत नाही. "गार पाण्यात टाक गं" एवढंच सांगा.

हळदीला साबण लागला की डाग लाल होतो. घाबरू नका, साबणाने हळदीचा रंग तसा पालटतो. धुऊन उन्हात टाका, ऊन हळद उडवतं. तेलाच्या डागावर आधी बेसन भुरभुरा, तेल शोषलं की झटकून मग साबण.

ब्लीच फक्त पांढऱ्या सुतीला, पाण्यात पातळ करून. लोकर आणि रेशीम त्याने विरघळतं. आणि एक गोष्ट घरी जाऊन सगळ्यांना सांगा: ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड कधीच एकत्र करायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो, बंद न्हाणीत जीवावर बेततं.

घरात खरूज झाली असेल तर नुसतं मलम लावून भागत नाही. त्या माणसाच्या चादरी, अभ्रे कढत पाण्यात धुवा आणि कडक वाळवा. घोंगडीसारखं कढत पाण्यात न चालणारं कापड पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. औषध सरकारी दवाखान्यातून, घरातल्या सगळ्यांसाठी एकाच वेळी घ्या.

बोअरचं पाणी आणि पावसाळा

बोअरच्या जड पाण्यात वडीच्या साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा थर कापडावर बसतो. पांढरी चादर मळकट दिसते ती त्यामुळे. तिथे पावडर बरी, पण मापात, आणि दोन पाण्यांतून खळबळून काढा. पावसाळ्यात ओल्या चादरीचा ढीग करून ठेवू नका. पडवीत दोरी बांधा आणि दोन चादरींमध्ये वीतभर जागा सोडा. घडी घालण्याआधी शिवणीला हात लावून पाहा. तिथे गार लागली तर चादर अजून ओली आहे.

आता हिशोब

हिशोब नाही म्हटलं, पण राहवत नाही. दर खाटेला तीन संच ठेवा: एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात. समजा एका खोलीचा संच 1500 रुपयांना पडला आणि 100 धुण्यांना टिकला. म्हणजे दर धुण्याला 15 रुपयांचं कापड झिजलं. साबण, पाणी, वीज 15 धरा. तुमचा एक तास गेला, त्याचे 50 धरा. झाले 80 रुपये. तोच संच चुकीच्या धुण्याने 50 वेळांतच फाटला, तर कापडाचे 30 होतात आणि 80 चे 95. आकडे तुमचे तुम्ही भरा, पण तासाचा रकाना रिकामा सोडू नका. खोलीचं भाडं ठरवताना आपण गॅस धरतो, दूध धरतो, आपलं धुणं मात्र धरत नाही. पुरुषमाणूस विचारेल, "धुण्याचे कसले पैसे?" तेव्हा वही पुढे करा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या एका चादरीचे चार धागे आणायचे. मेणबत्ती मी आणते.